स्ट्रेचर सुटेना : मुंबईतल्या एका रुग्णवाहिका पथकाचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरांतलं आहे. सेवा, रुग्णालयं आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. त्या वेळी पथकाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे यातल्या बऱ्याच चुका माझ्या खात्यावर जमा आहेत.

पार्श्वभूमी

कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा पट्टा आमच्याकडे होता. गाड्या १२. त्यांतल्या ३ अ‍ॅडव्हान्स, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर असलेल्या. बाकी ९ बेसिक. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत गाडीवर डॉक्टर असतो. आमची सेवा वेगळी, पण साचा तोच : गाडीमागे एक डॉक्टर, एक पायलट (म्हणजे गाडीचा चालक), सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा दोन पाळ्या.

नकाशावर हा पट्टा सरळसोट दिसतो. प्रत्यक्षात मधोमध मध्य रेल्वेचे रूळ आहेत, एका अंगाला एलबीएस (लालबहादूर शास्त्री) मार्ग, दुसऱ्या अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग, आणि रूळ ओलांडायला मोजके पूल. कंट्रोल रूमच्या पडद्यावर ‘सर्वांत जवळची’ दिसणारी गाडी रुळांच्या पलीकडे असली की तिच्यापेक्षा दुप्पट लांबची गाडी आधी पोहोचते. जुन्या ऑपरेटरांना हे पाठ असतं, नव्यांना शिकवावं लागतं.

दुसरी गोष्ट डोंगरउतारावरच्या वस्त्यांची. विक्रोळी पार्कसाइट, भांडुप, असल्फा. गाडी पायथ्याशी थांबते. वर पायऱ्या, गटारावर टाकलेल्या फरश्या आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं अशा गल्ल्या. मुंबईत २०१७ साली मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या त्या अशाच जागांसाठी. त्या प्रथमोपचार वर नेतात, पण माणूस खाली आणायचा तो चादरीच्या झोळीतून किंवा प्लास्टिकच्या खुर्चीत बसवूनच.

लोकांना वाटतं, रुग्णवाहिका ट्रॅफिकमध्ये अडकते. अडकतेच. वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे, तरी अडकते. पण आमच्या गाड्या सर्वांत जास्त वेळ जिथे अडकायच्या ती जागा रस्त्यावर नव्हतीच. ती रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, दारात होती.

समस्या

पावसाळ्यात सरकारी आणि पालिकेच्या कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नसते. डेंगी, मलेरिया, पाणी तुंबलं की आठ-दहा दिवसांनी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), आणि वर दम्याचे रुग्ण. आम्ही रुग्ण नेला की आतून उत्तर यायचं, “ट्रॉली नाही.” ट्रॉली म्हणजे रुग्णालयाची चाकांची खाट. मग रुग्ण आमच्याच स्ट्रेचरवर पडून राहायचा. कागद झाले, सिस्टरांनी सलाइन लावलं, तरी स्ट्रेचर सुटत नाही. आणि स्ट्रेचर आत म्हणजे गाडी बाहेर उभी.

ऑक्सिजनचंही तेच. भरलेला बी टाइप सिलिंडर साधारण १,५०० लिटरचा. मिनिटाला १० लिटरने सोडला तर अडीच तास. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण अर्धा तास वस्तीतून, अर्धा तास रस्त्यात आणि तासभर दारात घालवल्यावर पुढच्या कॉलला निघताना काटा कुठे असतो, हे पायलटच सांगू शकतो.

हे सगळं पथकातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पडद्याला माहीत नव्हतं. पडद्यावर गाडीच्या चारच अवस्था : मोकळी, निघाली, घटनास्थळी, रुग्णालयात. मुख्यालय पाहायचं तो आकडा एकच, फोन आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंतची मिनिटं. रुग्णालयाच्या दारात गेलेल्या वेळाला घड्याळच नव्हतं.

जूनअखेर तो एकमेव आकडा बिघडला आणि मुख्यालयातून विचारणा झाली. मी पडदा उघडून बघत बसलो. गाड्या रुग्णालयात तास-तास उभ्या. माझ्या मनात पहिलं काय आलं? पोरं चहा मारत बसली आहेत. काही बसतही होती, खोटं कशाला बोलू. बारा तासांच्या पाळीत ‘मोकळी’चं बटण दाबलं की पुढच्या मिनिटाला कॉल येतो, हे ज्याने भोगलंय तो बटण जरा उशिराच दाबणार.

मी मेमो काढला. रुग्णालयात पोहोचल्यापासून २० मिनिटांत गाडी मोकळी दाखवावी, अन्यथा लेखी खुलासा द्यावा.

पुढचे पंधरा दिवस आकडे देखणे दिसले. इतके देखणे की मला शंका यायला हवी होती.

ती रात्र

जुलैचा मध्य. संध्याकाळपासून पाऊस, एलबीएसवर दोन ठिकाणी पाणी. रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या एका बेसिक गाडीने दम लागलेल्या आजींना एका मोठ्या रुग्णालयात आणलं. कागद झाले, आजींना भिंतीवरचा ऑक्सिजन लागला. ट्रॉली नव्हती, म्हणून आजी आमच्याच स्ट्रेचरवर. एकोणिसाव्या मिनिटाला पायलटने बटण दाबलं : मोकळी.

त्यानंतर तीनच मिनिटांत कंट्रोलचा फोन. पार्कसाइटला पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखतंय, घाम सुटलाय. पायलट क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “निघतो.”

स्ट्रेचर आत आहे, हे तो बोलला नाही. नंतर मी विचारलं तेव्हा त्याने मान खाली न घालता सांगितलं, “सर, स्ट्रेचर नाही म्हटलं असतं तर मोकळी का दाखवली याचा खुलासा लिहावा लागला असता. मला वाटलं, छातीचा पेशंट आहे, बसवून आणू.”

डॉक्टर मॅडमना हे गाडी सुरू झाल्यावर कळलं. मागे वळून पाहिलं तर स्ट्रेचरची जागा रिकामी.

पायथ्याशी गाडी लागली. मॅडम बॅग आणि छोटं ईसीजी मशीन घेऊन वर गेल्या. खोलीत पंधरा माणसं, एकाच्या हातात सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत दुखल्यावर घेतात ती गोळी, जिभेखाली ठेवायच्या बेतात. मॅडमनी हात धरला. रक्तदाब १००/६०, नाडी मंद, ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसत होता. अशा वेळी सॉर्बिट्रेटने रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. त्यांनी ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावायला दिली. ऑक्सिजनचं प्रमाण ९६ होतं, म्हणजे सिलिंडरची गरज नव्हती. नशीब, कारण काटा लाल पट्टीजवळ आला होता.

मग त्यांनी मला फोन केला. मी कंट्रोल रूममध्येच होतो.

तीन वाटा होत्या. मुलुंडहून अ‍ॅडव्हान्स गाडी मागवायची आणि तोवर थांबायचं; पावसात किमान पंचवीस मिनिटं. किंवा रुग्णाला खुर्चीतून खाली आणून बाजूच्या बाकावर बसवून निघायचं. किंवा अर्ध्या वाटेत, महामार्गावर अ‍ॅडव्हान्स गाडी गाठायची.

मी म्हटलं, “थांबा, अ‍ॅडव्हान्स पाठवतो.” पुस्तकात बसणारं उत्तर.

“सर, मी थांबणार नाही. आणि बाकावरही बसवणार नाही. वाटेत हृदय थांबलं तर बाकावर हृदयाचा मसाज कसा देणार? मी त्यांना खाली फरशीवर झोपवतेय.”

मी पाच-सात सेकंद गप्प होतो. महामार्गावर भर पावसात रुग्ण एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवायचा तर आणखी दहा मिनिटं गेली असती. स्ट्रेचर नाही म्हणजे मधली जागा मोकळी, फरशी कडक, आणि मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायची वेळ आलीच तर गुडघे टेकून देता येतात. त्यांनी हे सगळं माझ्याआधी जोखलं होतं. मी म्हटलं, “निघा.”

वस्तीतल्या चार पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून त्यांना खाली आणलं. एकजण पुढे मोबाइलचा टॉर्च धरून पायऱ्या मोजत होता. गाडीच्या फरशीवर दोन ब्लँकेटं अंथरली. स्ट्रेचर अडकवायचा लोखंडी खटका वर आलेला असतो; मॅडमनी त्यावर आपला रेनकोट गुंडाळून ठेवला, नाहीतर तो पाठीत रुतला असता. डोक्याखाली उशी, शेजारी एईडी, म्हणजे हृदयाला झटका देणारं छोटं यंत्र, उघडून तयार. मुलगा पायांशी उकिडवा बसला.

राहिलं कुठे न्यायचं ते. जवळचं रुग्णालय तेच, जिथे आमचं स्ट्रेचर अडकलं होतं. त्याच्यापुढे आणखी काही मिनिटांवर चोवीस तास कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडायची खोली) चालणारं दुसरं. पहिल्या ईसीजीपासून दोन तासांच्या आत फुगा घालून रक्तवाहिनी उघडता येणार असेल तर तोच उपचार बरा, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. वेळ हातात होता. मी तिथे फोन केला, मॅडमनी ईसीजीचा फोटो पाठवला. गाडी पोहोचली तेव्हा ट्रॉली दारात उभी होती.

मधे घरच्यांनी पैशाचं विचारलं. विचारणारच. तातडीच्या रुग्णाला उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. पण पुढच्या बिलाची धास्ती निकालाने जात नाही. मॅडमनी एवढंच सांगितलं, “आधी आत घेऊ द्या, कागदांचं मागून बघू.”

ते गृहस्थ सहाव्या दिवशी घरी गेले.

समोरचे पर्याय

रुग्ण वाचला, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं असतं. कुणाची तक्रार नव्हती. पण स्ट्रेचरशिवायची गाडी आम्ही हृदयविकाराच्या कॉलवर पाठवली होती आणि ते आमच्या कुठल्याच नोंदीत दिसत नव्हतं.

कंट्रोल रूमच्या प्रमुखांचं म्हणणं सरळ होतं. पायलटने खोटं बटण दाबलं, त्याला निलंबित करा, बाकीचे सरळ होतील. मलाही पहिले दोन तास तेच पटत होतं. मग मी पंधरा दिवसांच्या नोंदी काढून बसलो. १८, १९, २० मिनिटं. १९, १९, २०. इतक्या गाड्यांचे इतके रुग्ण बरोबर विसाव्या मिनिटाच्या आत उतरतात? एकाला काढायचं तर सगळ्यांना काढावं लागलं असतं, आणि मेमो काढणाऱ्याला सर्वांत आधी.

दुसरा पर्याय, जादा स्ट्रेचर विकत घेऊन रुग्णालयात ठेवायची. आपलं आत अडकलं की दुसरं उचलायचं. कागदावर झकास. पण आमच्या ताफ्यात दोन बनावटीच्या गाड्या होत्या आणि एकीचं स्ट्रेचर दुसरीच्या खटक्यात बसत नाही. म्हणजे दोन्ही प्रकारची ठेवायची, आणि ती चोरीला जाणार नाहीत याची जबाबदारी कुणाची? एका वरिष्ठाने सुचवलं, रुग्णाला बाकड्यावर ठेवून आपलं स्ट्रेचर काढून आणा. त्यावर बैठकीत कुणीच काही बोललं नाही, आणि ते बरंच झालं.

तिसरा, पडद्यावर पाचवी अवस्था टाकायची : रुग्णालयात, स्ट्रेचर आत. सॉफ्टवेअरवाल्यांनी तीन महिने सांगितले.

चौथा, गर्दीच्या दोन रुग्णालयांच्या दारात संध्याकाळी सात ते रात्री एक आपला माणूस उभा करायचा. म्हणजे गाडीवरचा एक माणूस कमी. यावर खूप भांडण झालं. आधीच माणसं तुटपुंजी, त्यात एकाला दारात उभं करून तो करणार काय?

काय केलं

मेमो दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. पाळी बदलताना सगळ्यांसमोर सांगितलं की हा मेमो चुकीचा होता आणि मी कुणालाही न विचारता काढला होता. पायलटवर कारवाई केली नाही. त्याला एकच सांगितलं, यापुढे स्ट्रेचर आत असेल तर फोनवर तेवढे दोन शब्द बोलायचे : “स्ट्रेचर आत.” त्यावर कुणी खुलासा मागणार नाही.

सॉफ्टवेअरची वाट न बघता कंट्रोल रूममध्ये पांढरा फळा लावला. १२ गाड्या, १२ चुंबकं. लाल चुंबक म्हणजे स्ट्रेचर आत. दोनेकशे रुपयांचं काम.

दारातल्या माणसाचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. आमचे एक ज्येष्ठ पायलट, सगळे त्यांना काका म्हणतात, कंबरेच्या दुखण्यामुळे हलकं काम मागत होते. त्यांना एका रुग्णालयाच्या दारात बसवलं. मी त्यांना सांगितलं होतं, आत जाऊन आपल्या गाड्यांसाठी ट्रॉली मागा. काकांनी पहिले दोन दिवस कुणाकडे काहीच मागितलं नाही. नुसते फिरले. वॉर्डातल्या मामांबरोबर, म्हणजे वॉर्डबॉयबरोबर, चहा प्याले, मावशींची (आयांची) विचारपूस केली. तिसऱ्या दिवशी मला फोन, “साहेब, ट्रॉल्या आहेत. एक्स-रेच्या बोळात सात पडल्यात रिकाम्या. दोन लिफ्टच्या मागे आहेत, एकीचं चाक तुटलंय.”

कॅज्युअल्टीत ट्रॉलीची टंचाई नव्हतीच. ट्रॉली रुग्णाला घेऊन एक्स-रेला जायची, रुग्ण तिथून वॉर्डात जायचा आणि ट्रॉली तिथेच राहायची. परत आणायचं काम कुणाचंच नव्हतं. मामांची संख्या कमी, त्यांना रुग्ण ढकलायलाच उसंत नाही. काका आणि आमच्या थांबलेल्या गाड्यांचे पायलट दर अर्ध्या तासाने त्या बोळातून रिकाम्या ट्रॉल्या आणू लागले. तुटलेलं चाक काकांनी स्वतः बसवलं.

मी वर्षानुवर्षं त्या कॅज्युअल्टीच्या दारात उभा राहिलो होतो. बोळ वीस पावलांवर होता. तिकडे कधी वळलो नव्हतो.

याच्या जोडीला हस्तांतराची अर्ध्या पानाची चिठ्ठी केली : वेळ, तक्रार, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, दिलेली औषधं. आतल्या निवासी डॉक्टरांना सगळं पुन्हा विचारावं लागू नये म्हणून. चिठ्ठीचा फायदा झाला, पण बेताचाच. निम्मे डॉक्टर तरीही पुन्हा विचारायचे, आणि त्यांचंही बरोबर होतं.

निष्पन्न काय झालं

त्या रुग्णालयातलं थांबणं उघडच कमी झालं. फळ्यावर एकाच वेळी तीन-चार लाल चुंबकं असायची, ती एक-दोनवर आली. मुसळधार पावसाच्या रात्री मात्र तासभर थांबणं चुकलं नाही. आत खाटाच नसतील तर ट्रॉली आणून काय करणार?

पहिल्या महिन्यात मुख्यालयाचा तो लाडका आकडा आणखी बिघडला. साहजिकच, गाड्या आता खरं बोलत होत्या. मला बोलावणं आलं. मी दोन्ही महिन्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि एकोणीस-एकोणीस-वीसची ओळ दाखवली. साहेबांना पटलं की ते कंटाळले, हे मला आजही कळलेलं नाही, पण पुढच्या महिन्यापासून रुग्णालयातल्या वेळाचा रकाना अहवालात आला.

दुसऱ्या रुग्णालयात हा प्रयोग बसला नाही. बाहेरच्या संस्थेचा माणूस कॅज्युअल्टीत वावरणार, त्यांच्या ट्रॉल्यांना हात लावणार, हे तिथल्या प्रशासनाला मान्य नव्हतं. पत्रं लिहिली, भेटलो, आठवण दिली. नाही म्हणजे नाही.

आणि गणपतीत सगळं कोसळलं. काका कोकणातले. दहा दिवस गावी गेले. त्यांच्या जागी एक तरुण, उत्साही डॉक्टर दिला. पहिल्याच संध्याकाळी तो एका मामांना म्हणाला, “ट्रॉली परत आणायची सिस्टिम फॉलो करा.” पुढचे दहा दिवस एक ट्रॉली जागची हलली नाही. सगळी व्यवस्था काकांच्या चहावर उभी होती, आणि ते माझ्या लक्षात ते एसटीत बसल्यावर आलं.

आज वेगळं काय केलं असतं

मेमो काढण्याआधी एक रात्र गाडीवर काढली असती. त्या एका रात्रीत जे दिसलं असतं ते पडद्यावर महिनाभर बघूनही दिसलं नाही. गाडी तासभर का उभी आहे, हे मी पायलटला विचारलं नव्हतं. ‘का उभी होती’ याचा खुलासा मागितला होता. या दोन प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं येतात.

फोनवरच्या त्या पाच-सात सेकंदांबद्दल मी अजून विचार करतो. ‘थांबा’ हे माझं पहिलं उत्तर चुकीचं होतं, असं मी म्हणणार नाही; रस्त्यात त्यांचं हृदय थांबलं असतं तर चौकशीत फरशीचाच मुद्दा पहिला निघाला असता. पण रुग्णासमोर असलेल्या डॉक्टरने कारण देऊन निर्णय सांगितला की कंट्रोलने फक्त अडचण विचारावी आणि मदत पुरवावी, हे आम्ही त्या रात्रीनंतर लिहून ठेवलं. आधीच लिहिलेलं असतं तर मॅडमना माझ्याशी भांडावं लागलं नसतं.

सर्वांत मोठी चूक मॅडमच्या बाबतीत झाली. फळा, चुंबकं, ट्रॉली, मुख्यालय या सगळ्यात मी त्यांच्याशी नीट बोललो तो नवव्या दिवशी. तोवर त्यांनी राजीनामा लिहिला होता. माझ्यावर राग नव्हता. त्या म्हणाल्या, “सर, त्या रात्री माझं बरोबर निघालं. चुकलं असतं तर मी एकटीच होते.” मी थोडं थांबायला सांगितलं. त्या थांबल्या नाहीत.

आता अवघड कॉलनंतर चोवीस तासांच्या आत त्या गाडीवरच्या दोघांशी बसून बोलायचं, असं ठरवलं आहे. दहा वेळा ठरवून सहा-सात वेळाच होतं. काकांच्या हाताखाली आणखी दोघांना तयार केलंय. एकजण त्यांच्यासारखाच निघाला, दुसऱ्याला मामा अजून ‘साहेब’ म्हणतात, म्हणजे त्याला वेळ लागणार. दुसऱ्या रुग्णालयाचं पत्र यंदाही पाठवलं आहे.